इंजिन उतरविण्यापूर्वी

मालट्रक म्हातारा झाला म्हणजे मालकाला दोन प्रकारचे सल्लागार हटकून भेटतात: गाडी भंगारात घाला असे सांगणारा एक, आणि इंजिन बदलले की ती आणखी दहा वर्षे ओढील अशी ग्वाही देणारा दुसरा. परंतु ज्याची उपजीविका त्या एकाच गाडीवर अवलंबून आहे, आणि जो तिचा मालक, चालक व प्रसंगी हमालही आहे, त्याच्या मनात या दोन सल्ल्यांच्या मध्ये तिसराच विचार रेंगाळत असतो, तो म्हणजे हे काम आपणच का करू नये?

हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपुरात मालट्रक बांधण्यास आरंभ केला, आणि त्या परंपरेतील जुन्या गाड्यांची रचना इतकी उघडी व सरळ होती की महामार्गाच्या कडेला झाडाच्या सावलीत, लोखंडी तिकाटणे व चेनपुली यांच्या भरवशावर इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रींच्या पिढ्या तिच्यावरच तयार झाल्या. टाटांचे '६९७' इंजिन तर आपली ओळख नावातच सांगते: सिलिंडर सहा, आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. जे यंत्र इतक्या मोकळेपणाने आपली माहिती देते, ते आपल्याही हाताला वश होईल असे वाटणे स्वाभाविकच आहे.

तथापि पाना हाती घेण्यापूर्वी इंजिन खरोखरच निकामी झाले आहे काय, याची खातरजमा केली पाहिजे. कारण खंबाटकीच्या घाटात भरलेली गाडी दम टाकू लागली की दोष इंजिनावर ठेवून मोकळे होणे सोपे असते, आणि पुष्कळदा खरा अपराधी तुंबलेला एअर क्लीनर किंवा बिघडलेले नोझल निघतो. काळा धूर बहुधा डिझेल जास्त व हवा कमी एवढेच सांगतो. निळा धूर ऑइल जळत असल्याची साक्ष देतो. आणि चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडताच आतून वाफांचे लोट जोराने बाहेर येत असतील, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगा व लाइनर झिजल्याचा संशय बळावतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहतो, रेडिएटरमधले पाणी घटते आणि ऑइल दुधाळ दिसते, तेव्हा आधी हेड गॅसकेट तपासावे. ते काम इंजिन चॅसीवरून न उतरवताही होते. मात्र गरम इंजिनात ऑइलचा दाब घसरून खालून जड ठोके ऐकू येत असतील, तर क्रँक व बेअरिंगांची घटका भरली असे समजावे. हे निदान मालकाने स्वतः करावे, कारण त्याला खर्च काही नाही आणि गाडीचा रोजचा आवाज त्याच्याइतका दुसऱ्या कोणाच्या कानांना परिचित नसतो.

निदान पक्के झाल्यावर कामाची वाटणी करावी लागते. बॅटरी सोडणे, पाणी व ऑइल काढणे, रेडिएटर उतरवणे, पाइप व तारांना खुणा करून ठेवणे, फाउंडेशनचे बोल्ट ढिले करणे, ही कामे कष्टाची असली तरी चिकाटीच्या माणसाला जमण्यासारखी आहेत. परंतु अर्ध्या टनाच्या आसपासचे धूड साखळीला लोंबकळू लागले की तेथे धाडसाला किंमत नसते, तिकाटण्याच्या मजबुतीला असते; त्या धुडाखाली कोणी क्षणभरही वाकता कामा नये. त्यापुढचे काम तर हातांचे नसून मोजमापांचे आहे. लाइनर वरच्या टोकाशी अधिक झिजतो, क्रँक ग्राइंड करावा लागला तर पाव मिलिमीटरच्या टप्प्याने करून त्या मापाचीच बेअरिंगे घालावी लागतात, आणि हा सारा हिशेब मिलिमीटरच्या शतांश भागांत चालतो. बोअर, क्रँक व डिझेल पंप ही तीन कामे म्हणूनच कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणच्या जाणत्या कारखानदाराच्या हवाली करावीत. त्यांत बचत करू पाहणारा मनुष्य खर्च फक्त पुढच्या महिन्यावर ढकलतो.

आता पैशांचा विचार करू. आपल्याकडे मिस्त्रीची मजुरी एकूण खर्चाचा लहानसा हिस्सा असते; मोठा हिस्सा सुट्या भागांचा, आणि त्याहून जड हिस्सा गाडी उभी राहिल्याच्या दिवसांचा, कारण कर्जाचा हप्ता, विमा व कर हे इंजिन उतरले म्हणून तहकूब होत नाहीत. सरावाचा मिस्त्री जे चार दिवसांत करील त्याला नवख्याने तीन आठवडे घेतले, तर वाचलेल्या मजुरीहून बुडालेले भाडेच अधिक भरते. जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनाची तर आणखी एक अडचण: त्याचे पोट कोणी पाहिलेले नसते, आणि पावती नसेल तर त्याचा पूर्वेतिहास आपल्या गळ्यात पडतो.

कारण इंजिनाचा क्रमांक सरकारदप्तरी नोंदलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये, परवानगीवाचून इंजिन बदलले गेल्यास १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास वर्दी देऊन नोंदणीपत्र फेरफारासाठी सादर करावे लागते. त्याच बनावटीचे व प्रकाराचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बसवण्याची मुभा २०१९ च्या कायदादुरुस्तीपूर्वी राज्य शासन किमान १० परिवहन वाहने बाळगणाऱ्यांनाच देऊ शकत असे; त्या दुरुस्तीने ती तरतूदही गेली. तेव्हा एका गाडीच्या धन्याने परवानगीचा अर्ज आधी करावा, खरेदीची पावती जपावी, विमा कंपनीस लेखी कळवावे, आणि भिन्न बनावटीच्या इंजिनाचा मोह टाळावा.

माझा अभिप्राय असा: निदान स्वतः करावे, खोलणे व बसवणे जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली राहून करावे, आणि मापाची कामे माप जाणणाऱ्यावर सोपवावीत. पहिल्या सेल्फपूर्वी ऑइल भरल्याची व डिझेलमधली हवा काढल्याची खात्री मात्र दुसऱ्या कोणावर सोडू नये. आणि नवे इंजिन जुन्या, गाळाने तुंबलेल्या रेडिएटरला जोडण्यापूर्वी तो रेडिएटर साफ करून घ्यावा, नाही तर पहिल्याच घाटात सारी मेहनत उकळून जाईल.