‘जाहीर’ शब्दाचे घराणे

अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या ‘जाहीर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘उघड, दिसणारे’ असा असून जाहिरात, जाहीरनामा, जाहीर नोटीस आणि जाहीर प्रकटन हे सारे शब्द त्याच घराण्यातले आहेत. तथापि त्यांपैकी एकाच्या जागी दुसरा चालत नाही, कारण बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि न ऐकल्यास काय गमवावे लागते, यावर प्रत्येकाचे वजन ठरते. जाहिरात ग्राहकाला आर्जवते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही. नोटीस मात्र वाचली नाही तरी लागू होते. जमिनीच्या संपादनाने आणि खरेदीविक्रीने गेल्या अर्धशतकात ज्याचे रूप पालटले, त्या पनवेल तालुक्यात हा फरक कोशापुरता राहत नाही.

जाहीरनाम्यातील ‘नामा’ म्हणजे लेख, आणि हा लेख बहुधा सत्ताधीशाचा असे. पेशवाई संपत आली असता ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून प्रसिद्ध केलेला जाहीरनामा याच जातीचा होता. पनवेलजवळच्या शिरढोणात जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये हेच शस्त्र राज्यकर्त्यांवर उलटवले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावताच त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराच्या डोक्यावर इनाम जाहीर केले. रकमेपेक्षा येथे महत्त्वाचे आहे ते हे, की जाहीरनामा काढण्याचा अधिकार आपलाही आहे, असे एका प्रजाजनाने त्या कृतीने सांगितले.

लेख वाचता न येणाऱ्या गावासाठी दवंडी होती. डफ किंवा हलगी वाजवत, चौकाचौकात थांबून खड्या आवाजात वर्दी देण्याच्या या प्रकाराला डांगोरा असेही म्हणत, आणि ‘डांगोरा पिटणे’ याला पुढे बढाईचा अर्थ चिकटला असला, तरी मुळात ते गावकीचे जबाबदारीचे काम होते. ते बहुतेक ठिकाणी महार वतनदाराकडे असे. म्हणजे ज्याच्या तोंडून सरकारचा हुकूम साऱ्या गावाने ऐकायचा, त्यालाच गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, ही गोष्ट दवंडीच्या कौतुकात विसरली जाऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाच्या सुधारणेसाठी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला आणि गावातील हे काम पगारी कोतवालाकडे गेले. कायद्याच्या पुस्तकात दवंडी अजून जिवंत आहे. स्थावर मालमत्तेवर जप्ती आणताना तो हुकूम मालमत्तेपाशी ढोल वाजवून किंवा रूढ पद्धतीने पुकारावा आणि त्याची प्रत ठळक जागी चिकटवावी, अशी तरतूद १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे.

नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी अधिसूचित झाल्या आणि १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ‘अधिसूचना’ म्हणजे राजपत्रात छापली जाऊन कायद्याचे बळ धारण करणारी सूचना. भातशेती आणि मिठागरांवर जगणाऱ्या माणसाच्या हाती राजपत्र पडणे दुर्मीळच, म्हणून गावातील सोयीच्या जागी नोटीस लावण्याचे बंधन १८९४ च्या भूसंपादन कायद्यात होते. दोन दैनिकांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील दैनिकात, प्रसिद्धी देण्याची अट १९८४ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे नव्या मुंबईच्या पहिल्या अधिसूचनांनंतर बऱ्याच वर्षांनी.

खासगी व्यवहारातील ‘जाहीर नोटीस’ तितकीच गंभीर असते. अमुक सर्व्हे नंबरची जमीन आपले अशील विकत घेत असून तिच्यावर कोणाचा वारसा, गहाण, कूळ वा अन्य हितसंबंध असल्यास ठरावीक मुदतीत पुराव्यासह लेखी हरकत घ्यावी, अन्यथा तो हक्क सोडून दिल्याचे समजले जाईल, असे वकील त्यात कळवतो. या मजकुराचे टंक बारीक असतात आणि त्यातील ‘अन्यथा’ हा शब्द सर्वांत जड असतो. लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीपर्यंत तो पोहोचेलच, याची खात्री कोणी देत नाही.

१८५२ पासून नगरपालिका असलेले पनवेल १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले, तेव्हा कायदा बदलला आणि त्याबरोबर ‘आकाशचिन्ह’ हा शब्दही लागू झाला. खांबाच्या किंवा चौकटीच्या आधाराने उभारलेली, रस्त्यावरून पाहता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह. लोक तिला होर्डिंग म्हणतात, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कापडवजा छापील फलक असेल तर फ्लेक्स. पण घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी असाच एक अवाढव्य फलक कोसळून १७ माणसे दगावली, तेव्हा परवाना आणि मोजमाप सांगणाऱ्या या कायदेशीर शब्दाची गरज सर्वांना कळली.

महानगरपालिका होण्यापूर्वी निघालेल्या प्रारूप अधिसूचनेवर नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवण्यात आल्या होत्या. येथे ‘सूचना’ या एकाच शब्दाने दोन दिशा धरल्या आहेत: सरकारकडून खाली येते ती सूचना पाळायची असते आणि नागरिकांकडून वर जाते ती सूचना विचारात घ्यायची असते. दुसऱ्या सूचनेची मुदत पहिलीच्या मजकुरात, बहुधा शेवटच्या ओळीत, छापलेली असते.