उस्ताद मोजावा की हजेरीपट?
(लेखांक नववा)

जर्मनीतील व्यापारी मंडळे शिकाऊ उमेदवारांची परीक्षा कशी घेतात, ते या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु रिसोड तालुक्यातील केनवडहून आलेल्या एका पत्राने दुसरे काही सुचू दिले नाही, म्हणून तो विषय पुढे ढकलतो.

पत्रलेखक शेतकरी आहेत. मुलगा वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाला आहे, आणि उमेदवारीसाठी आता चाकण नाहीतर वाळूज गाठावे लागेल, असे जो तो सांगतो. "आमच्या इथे रस्त्यालाच मोटारी भरण्याचे दुकान आहे," ते लिहितात, "त्या माणसाला हाताखाली पोरगा पाहिजे, पोरालाही तिथेच शिकायचे आहे. मग ही उमेदवारी सरकारला का चालत नाही?"

रब्बीचा हरभरा आणि गहू पाण्यावर आला की अशा दुकानांपुढे जळालेल्या मोटारींची रीघ लागते. तीनपैकी एक फेज गेला आणि उरलेल्या दोहोंवर मोटार ओढत राहिली, की तार तापून तिचा लेप करपतो. उस्ताद प्रथम जळालेल्या गुंडाळीचे एक तोंड छिन्नीने कापतो, तारांची टोके मोजून फेरे किती, तार किती गेजची आणि गुंडाळी किती खाचा सोडून टाकलेली, हे चोपडीत टिपून घेतो आणि मगच जुने तांबे ओढून काढतो. नंतर खाचांत नवा कागद, साच्यावर घेतलेल्या नव्या गुंडाळ्या, वरून पाचरी आणि शेवटी वार्निश. हे सारे प्रशिक्षण संस्थेतही शिकवतात, परंतु तेथील मोटार पाठ्यक्रमातली असते. दुकानात येणारी मोटार आधीच दोघातिघांनी भरलेली, फेरे चुकलेली, भलत्याच गेजची तार घातलेली अशी येते. पूर्वीच्या कारागिराची चूक ओळखून मूळ हिशेब परत मांडणे ही विद्या त्या चोपडीजवळ बसल्याखेरीज येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग कायद्याची अडचण कोठे? 1961 च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाची नजर प्रथमपासून कारखान्यावर होती. 2019 मध्ये नियम सैल झाले, तरी मोजमाप डोक्यांचेच राहिले : तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याची सक्ती, चार ते एकोणतीस असल्यास मालकाची मर्जी, आणि चाराच्या खाली तर मर्जीचाही प्रश्न नाही. एक उस्ताद आणि एक मदतनीस एवढाच ज्याचा हजेरीपट, ते दुकान कायद्याच्या दप्तरी अस्तित्वातच नाही. सेवायोजन कार्यालयांच्या कहाणीत, गेल्या खेपेस, आपण हाच दृष्टिदोष पाहिला होता.

जर्मनीत 1953 पासून हस्तव्यवसायांचा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो दुकानात माणसे किती हे विचारत नाही. शिकवणारा 'माइस्टर', म्हणजे परीक्षा देऊन सिद्ध झालेला उस्ताद, आहे काय, एवढे पाहतो. त्यामुळे लहानशा भट्टीवरचा पाववालाही रीतसर करारनाम्याने शागीर्द ठेवू शकतो. आपल्याकडे अनुभवी कारागिरास पूर्वज्ञानाचा दाखला देण्याची सोय अलीकडे झाली आहे खरी. पण त्या दाखल्याने दुकानातील डोकी वाढत नाहीत, आणि म्हणून शागीर्द ठेवण्याचा अधिकारही मिळत नाही.

तथापि कायद्याच्या संशयाला काहीच आधार नाही, असेही मी म्हणणार नाही. गॅरेजांतून वर्षानुवर्षे चहा आणणारी आणि पाने पुसणारी पोरे कोणी पाहिली नाहीत? विद्यावेतन नाही, मुदत नाही, आणि शेवटी हाती दाखला नाही. जर्मनीत हस्तव्यवसायांचे मंडळ शागीर्दाच्या करारांची नोंद ठेवते आणि शिक्षणावर देखरेख करते. केनवडच्या दुकानाकडे पाहणार कोण? माझ्या मते जवळच्या प्रशिक्षण संस्थेच्या शिल्पनिदेशकाकडे अशी काही दुकाने सोपवावीत, महिन्यातून एकदा त्याने येऊन पोराची वही तपासावी आणि उस्तादाशी बोलावे. त्याचा प्रवासभत्ता मंजूर करणे एवढे अवघड नसावे.

हे होईल तेव्हा होईल. मुलाचे वर्ष त्यासाठी थांबणार नाही. वाशीम जिल्ह्यात कारखाने थोडे असले, तरी वीजतंत्री उमेदवार घेणाऱ्या आस्थापना अजिबात नाहीत असे नव्हे. महावितरण वीजतंत्री आणि तारतंत्री घेते, एस.टी.च्या आगारांतही उमेदवार लागतात. विद्युत सहाय्यकाच्या भरतीसाठी याच दोन व्यवसायांचे प्रमाणपत्र मागितले जाते, तेव्हा चाकणचा रस्ता धरण्यापूर्वी येथे अर्ज करावा. रब्बीच्या हंगामात संध्याकाळी त्या दुकानात जाऊन बसण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र एक खबरदारी घ्यावी. उमेदवारीचा करारनामा रीतसर नोंदला गेला आहे की नाही, हे पहिल्याच आठवड्यात समक्ष पाहावे आणि त्याची प्रत घरी आणून ठेवावी. नोंद राहून गेली, तर वर्षभर खांबावर चढूनही त्याचा दाखला मागताना पंचाईत होते.