'फेअर' म्हणजे गोरे की रास्त?

काही इंग्रजी शब्द आपल्या घरात कधी शिरले आणि घरचेच कधी होऊन बसले, ते कळतही नाही. 'फेअर' हा त्यांपैकी एक. मुलाच्या दप्तरात एक रफ वही असते आणि एक फेअर वही. रेशनच्या दुकानाला सरकारी कागदावर 'फेअर प्राइस शॉप' म्हणतात. गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरे 'हे काही फेअर नाही' म्हणून एकमेकांच्या अंगावर धावून जातात. आणि मुलगी बघायला आलेली मंडळी परत जाताना जिन्यात हळूच म्हणतात, 'शिकलेली आहे, स्वभावानेही चांगली वाटते. पण फेअर नाही.'

शब्द एकच. पण वहीतला फेअर, दुकानातला फेअर, खेळातला फेअर आणि त्या मुलीच्या माथी मारलेला फेअर हे चार निरनिराळे अर्थ आहेत. आज या शब्दाची घडी जरा उलगडून पाहू.

आधी दोन पाहुणे बाजूला बसवू. पुस्तकांचा 'फेअर' भरतो, तो म्हणजे जत्रा. तो शब्द लॅटिनमधल्या 'फेरिया'पासून आला. फेरिया म्हणजे सणाचा, सुट्टीचा दिवस. आपल्याकडेही जत्रा देवाच्या दिवशीच भरते. दुसरा पाहुणा म्हणजे गाडीभाड्याचा 'फेअर'. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग वेगळे आहे. प्रवास करणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचा तो वंशज. निरोप समारंभाला आपण 'फेअरवेल' म्हणतो, त्याचाही अर्थ 'नीट जा' एवढाच. देवनागरीत लिहिले की हे तिघे सख्खे भाऊ वाटतात, पण ते नुसते आडनावबंधू आहेत.

आता आपला फेअर. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप होते 'फेगर'. अर्थ होता सुंदर, मनाला आवडणारे. त्याच कुळातल्या गॉथिक भाषेत 'फाग्रस' असा शब्द होता, त्याचा अर्थ योग्य, साजेसे. म्हणजे मुळात या शब्दात रंग नव्हता आणि न्यायही नव्हता. जे साजते ते सुंदर, एवढेच त्याचे म्हणणे होते. आपल्या मराठीत 'शोभणे' हे क्रियापद असेच आहे. नथ नाकाला शोभते म्हणतो, तेव्हा आपण रूपाविषयी बोलतो. 'असे वागणे तुला शोभत नाही' म्हणतो, तेव्हा नीतीविषयी बोलतो. एकाच फांदीला रूपाचे फूलही येते आणि नीतीचे फळही. फेअरचे तसेच झाले. निरभ्र आकाश फेअर, खाडाखोड नसलेली प्रत फेअर, निर्मळ वागणारा माणूसही फेअर. चौदाव्या शतकापर्यंत निःपक्षपाती हा अर्थ त्यात आला होता. उजळ कांतीचा, फिकट केसांचा हा अर्थही त्याला येऊन चिकटला.

हा अर्थ इंग्रजी कवींनाही बोचला असावा. शेक्सपिअरची सुनीते १६०९ साली छापली गेली. त्यांतल्या एका गटाची नायिका काळ्या डोळ्यांची आहे, म्हणून अभ्यासक तिला 'डार्क लेडी' म्हणतात. तिथे कवी 'फेअर' या शब्दाचे सुंदर आणि गोरे हे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे करतो आणि काळ्याला सुंदर का म्हणू नये, असा वाद घालतो. चारशे वर्षे झाली, तरी त्या वादाची धार गेलेली नाही.

शब्दाचा अर्थ नेमका कळत नसेल, तर एक सोपी युक्ती आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारावा. फेअर वहीच्या विरुद्ध रफ वही, तर तिथे फेअर म्हणजे स्वच्छ. खेळात फेअरच्या विरुद्ध फाउल, तर तिथे अर्थ नियमाला धरून. हवेच्या बाबतीत उलट शब्द वादळी, तर तिथे फेअर म्हणजे निवळलेली. प्रगतिपुस्तकात 'गुड'च्या खाली आणि 'पुअर'च्या वर फेअर बसतो. तिथे तो आपला 'बरा' आहे, ना धड कौतुक, ना धड निंदा. वाटणी फेअर नसेल तर ती अन्यायाची. आणि कांतीच्या बाबतीत उलट शब्द काय? डार्क. इंग्रज माणूस हा शब्द पुष्कळदा केसांना उद्देशूनही वापरतो. त्याचा 'फेअर' मुलगा म्हणजे सोनेरी केसांचा मुलगा. आपण मात्र केस सोडले आणि कातडी तेवढी धरली.

गफलत इथेच आहे. दोन अर्थ एका शब्दात राहू लागले की एकाची सावली दुसऱ्यावर पडते. सावळ्या मुलीला 'फेअर नाही' म्हणणारा फक्त रंग सांगत असतो. पण त्या शब्दाच्या खिशात सुंदर, स्वच्छ, निर्दोष हे अर्थही असतात, आणि ते सगळे त्या मुलीला एकदम नाकारले जातात. 'फेअर अँड लव्हली' हे मलम आपल्या बाजारात १९७५ साली आले. पंचेचाळीस वर्षे ते नाव घराघरांत राहिले आणि २०२० मध्ये त्यातला 'फेअर' काढून तिथे 'ग्लो' हा शब्द बसवला गेला. नाव बदलले हे चांगलेच झाले. मात्र डबीवरचा शब्द पुसला म्हणून मनातला पुसला जातोच असे नाही.

मग करायचे काय? इंग्रजीतच समानार्थी शब्दांची चांगली रांग आहे. किंमत फेअर असेल तर 'रीझनेबल' म्हणावे, म्हणजे वाजवी. पंच फेअर असेल तर 'इम्पार्शियल', म्हणजे कोणाचीही बाजू न घेणारा. निकाल फेअर असेल तर 'जस्ट', म्हणजे न्याय्य. वाटणी फेअर असेल तर 'इक्विटेबल', म्हणजे ज्याच्या त्याच्या गरजेचा विचार करून केलेली. चार भावंडांना भाकरीचे चार सारखे तुकडे करून देणे ही समान वाटणी. शेतातून दमून आलेल्याला थोडा मोठा तुकडा देणे ही इक्विटेबल वाटणी. आई हे कोश न उघडता करते.

आणि आपल्या भाषेत तर याहून देखणे शब्द आहेत. 'फेअर प्राइस शॉप'ला आपण म्हणतो रास्त भाव दुकान. 'रास्त' हा फारसी शब्द. अर्थ सरळ, खरा, योग्य. संस्कृतातला 'ऋजु', फारसीतला 'रास्त' आणि इंग्रजीतला 'राइट' हे तिन्ही एकाच प्राचीन मुळाचे धुमारे आहेत. 'वाजवी' आला अरबीतल्या 'वाजिब'वरून, म्हणजे जे करणे भागच आहे ते. 'इन्साफ' हाही अरबी. त्याच्या पोटात 'निस्फ' आहे, म्हणजे अर्धे. दोघांत निम्मे-निम्मे करणे हा इन्साफचा मूळ हिशेब. माझ्यासारखा माणूस घरात एक बोली बोलतो आणि कविता मराठीत लिहितो, त्याला हे शब्द दोन्ही अंगणांत भेटतात. ते कुठून आले हे विचारत बसावे लागत नाही. ते केव्हाच मराठी झाले आहेत. विशेष म्हणजे रास्त, वाजवी, इन्साफ या तिन्हींत कातडीचा रंग कुठेच नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. दुकानातला काटा हे धान्य तोलतो, तेव्हा पिशवी धरणारा हात गोरा की काळा हे तो पाहत नाही. रास्त म्हणजे हेच.

मराठी अगदी निर्दोष आहे असेही नाही. प्रामाणिक माणूस 'उजळ माथ्याने' फिरतो आणि चोरटा धंदा 'काळा बाजार' होतो. पण याच भाषेत शेतकरी जमिनीला 'काळी आई' म्हणतो. गावची वस्ती ती पांढरी आणि पिकणारी जमीन ती काळी, आणि पांढरीचे पोट भरते ते काळीच्या जिवावर. पंढरपूरला लाखो पावले पायी चालत जातात ती सावळ्या विठ्ठलाच्या ओढीने. त्याला गोरा करावा असे कोणत्याही वारकऱ्याच्या मनात आलेले नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, यापुढे 'फेअर' हा शब्द ओठांवर आला की क्षणभर थांबावे. मनात काय आहे, स्वच्छ, बरे, वाजवी, न्याय्य की गोरे? जे असेल त्याचा मराठी शब्द उच्चारावा. स्थळ नाकारताना तर नक्कीच उच्चारावा. 'आम्हाला गोरीच सून हवी' हे वाक्य मराठीत स्वतःच्या कानांनी ऐकले, तर ते रास्त आहे की नाही, हे बोलणाऱ्याचे त्यालाच कळेल.