एका घरातल्या दोन फायली

या आठवड्यात ज्येष्ठांच्या पोटगीच्या न्यायाधिकरणाबद्दल लिहिणार होतो. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज कसा करायचा, दहा हजारांची मर्यादा कुठून आली, हे सगळं लिहून तयारही होतं. मध्येच गोरेगावच्या मोतीलाल नगरातून एक पत्र आलं आणि ते बाजूला राहिलं.

पत्र चारच ओळींचं. "माझं वय ७९. मुलगा ४८ वर्षांचा, मतिमंद. यजमान गेले. तुम्ही ज्येष्ठांच्या सेवा सांगताय, त्या आधी दिव्यांगांच्या सांगितल्यात. आमच्या घरानं कुठल्या रांगेत उभं राहायचं?"

गेल्या आठवड्यातलं विभागांचं कोष्टक कापून ठेवलं असेल तर समोर घ्या. ज्येष्ठ नागरिक सामाजिक न्याय विभागाकडे. दिव्यांगांसाठी डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र विभाग. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजना तहसीलदाराकडे, म्हणजे महसूल. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र रुग्णालयातून. महापालिकेचं अर्थसहाय्य नियोजन विभागातून. या कोष्टकात आजी एका रकान्यात बसतात, मुलगा दुसऱ्या. दोघं मिळून एक घर आहे, हे कुठल्याच रकान्याला माहीत नाही.

आजींकडे जाऊन आलो. त्यांनी दिवाणाखालून कापडी पिशवी काढली आणि सगळे कागद चादरीवर मांडले. मुलाचं सर्वांत जुनं प्रमाणपत्र टाइपरायटरवरचं, घडीवर फाटलेलं, मागून सेलोटेप लावलेलं. त्यावर आडनाव आधी. आधार कार्डावर आडनाव शेवटी. रेशन कार्डावर वडिलांच्या नावाला 'राव' लागलेलं, यजमानांच्या पेन्शनच्या कागदात तो 'राव' गायब. ज्यानं सरकारी खिडकीपुढे एकदा जरी हात टेकले असतील, त्याला या 'राव'ची किंमत ठाऊक आहे. मुलगा शेजारी बसून पासबुकं लहानमोठी करून लावत होता. ते त्याचं काम. आजी म्हणाल्या, "पिशवी कुठे आहे ते त्याला माहीत आहे. आत काय आहे ते मला."

माझं सगळं म्हणणं या वाक्यात आलं. ज्येष्ठांच्या आणि दिव्यांगांच्या सेवांची सांगड कोण घालतं, असं कोणी विचारलं की आपण विभागांची आणि संस्थांची नावं घेतो. प्रत्यक्षात असल्या घरांत ती सांगड घालणारी व्यक्ती म्हणजे ऐंशीला टेकलेली आई. कुठला डॉक्टर, कुठली तारीख, कुठली खिडकी जेवणाच्या सुट्टीनंतर उघडते, सगळं तिच्या डोक्यात. तिला स्वतःला सेवा लागायची वेळ येते त्याच दिवशी मुलाची सेवाही थांबते.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर, जमेल तसं.

पहिली गोष्ट पालकत्वाची. मूल अठराचं झालं की कायद्याच्या लेखी ते सज्ञान. मग ते मतिमंद असो वा नसो, आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत अडायला लागलं की हे घरच्यांना कळतं, तोवर मुलाची चाळिशी आलेली असते. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांतल्या सज्ञान व्यक्तींसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. गोरेगावकरांसाठी याचा अर्थ वांद्रे पूर्वेचं उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, चेतना कॉलेजजवळ. आजींनी हे केलेलं नव्हतं. यजमान असताना गरज वाटली नाही, नंतर धीर झाला नाही.

अर्ज करताना पुढचा विचारही आताच करावा. आजी आज पालक झाल्या तरी त्यांच्यानंतर कोण? कायद्यानं नातेवाईक पालक होऊ शकतो, नोंदणीकृत संस्थाही होऊ शकते. आजींची भाची डोंबिवलीला असते. "ती हो म्हणते," आजी म्हणाल्या, "पण तिच्याही घरी सासू अंथरुणावर आहे." अशा वेळी नात्यातलं एक आणि संस्थेचं एक, अशी दोन नावं मनाशी पक्की करून त्यांच्याशी मोकळेपणानं बोलून ठेवावं. बदलापूरचं 'आधार' हे निवासी केंद्र अशाच पालकांनी एकत्र येऊन उभारलं, ते 'आमच्यानंतर काय' या एका प्रश्नापायी.

दुसरी गोष्ट पेन्शनची, आणि ही तातडीची. यजमान राज्य सरकारच्या नोकरीत होते. दिव्यांगत्वामुळे मिळवता न येणाऱ्या अपत्याला आईनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, तेही तहहयात. मात्र मुलाचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आईच्या हयातीत नोंदवलेलं असेल तर काम सोपं. नंतर नोंदवायचं म्हटलं की कोषागारापासून जुन्या कार्यालयापर्यंत कोणीतरी हेलपाटे घालायला हवं. कोण घालणार? मुलगा पासबुकं लावतो, अर्ज लिहीत नाही. 'राव'चा गुंता म्हणून आधी सोडवायचा.

बाकीचं भराभर. मुलाचं जुनं प्रमाणपत्र आता चालत नाही, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हवं. दिव्यांगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आत असेल तर पिवळी पट्टी, ८० च्या वर निळी. महापालिकेच्या धर्मवीर आनंद दिघे योजनेत पिवळ्याला महिना एक हजार, निळ्याला तीन हजार, सहा महिन्यांचे एकदम. संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली, पण उत्पन्नाची अट वर्षाला पन्नास हजार. आजींच्या पेन्शनमुळे ते दार बंदच. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना मात्र घ्यावी. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि बाह्यरुग्ण तपासणीचा खर्चही त्यात धरतात.

इथवर मुलाची फाइल झाली. आजींचं काय?

बोलताना त्या दोनदा त्याच गोष्टीवर आल्या. कदाचित वयाचा विसराळूपणा असेल. पण समजा उद्या ते स्मृतिभ्रंशाकडे झुकलं, तर? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातांवरून एकवीस प्रकार झाले. त्यात पार्किन्सन आहे, स्मृतिभ्रंश नावानिशी नाही. राष्ट्रीय न्यासाच्या चार गटांतही तो नाही. म्हणजे मुलाला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक मिळतो, त्याच घरातल्या आईला तसा मिळत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कोमात गेलेल्या वृद्धांसाठी मुंबई उच्च न्यायालयानं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पालक नेमले आहेत. पण त्यासाठी वकील हवा, पैसा हवा आणि धावपळ करणारं शुद्धीतलं माणूस हवं.

उलटी गंमतही आहे. पार्किन्सन झालेल्या, किंवा ऐकू येणं पार कमी झालेल्या किती ज्येष्ठांना आपण कार्डाला पात्र आहोत हे ठाऊक असतं? सांगायला गेलं की आजोबा बिथरतात. "मी काय अपंग आहे?" आपल्याकडे दिव्यांग म्हणजे जन्मापासूनचा, आणि म्हातारपण म्हणजे जे होतं ते सोसायचं, अशी वाटणी झालेली आहे. सरकारी विभागांनी तीच वाटणी पुढे चालवली, एवढंच.

या घरांचा प्रश्न जपानमध्ये इतका वाढला की त्याला तिथे नावच पडलं, 'ऐंशी-पन्नास'. ऐंशीचे आई-वडील, पन्नाशीचं अपत्य. मूळ चर्चा घराबाहेर पडणंच सोडलेल्या मुलांची, पण दुखणं तेच. जपाननं २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आणला आणि त्यासोबत एक नवा पगारी माणूस आणला. घरी येऊन कोणाला काय लागेल ते ठरवणारा, सेवा ठरवून देणारा, महिन्यानं पुन्हा येऊन बघणारा. २००६ पासून साधारण एका माध्यमिक शाळेच्या परिसराला एक, अशी केंद्रं झाली. त्यात परिचारिका, समाजकार्यकर्ता आणि वरिष्ठ शुश्रूषा-नियोजक, तिघं एका छपराखाली. तरीही दिव्यांग माणूस पासष्टचा झाला की एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलला जाई आणि ओळखीचं केंद्र सुटे. ते टाळायला २०१८ मध्ये एकाच ठिकाणी दोघांना सेवा देण्याची सोय झाली. इतका पैसा आणि शिस्त असलेल्या देशाला अठरा वर्षं लागली, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्याकडे तो पगारी माणूस नाही. गोरेगावाला खरं तर सरकारी दाराशी भांडायची सवय जुनी. मृणालताई गोरे १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या, इथल्या बायका पाण्यासाठी रस्त्यावर उतरल्या, आणि केशव गोरे स्मारकाच्या सभागृहात कुठल्या ना कुठल्या प्रश्नावर बैठक चालूच असते. पण मोर्च्यानं नळाला पाणी येतं, पालकत्वाचा दाखला येत नाही. तो एकेकट्यानं, पिशवी घेऊन, चार वेळा जाऊन मिळवावा लागतो. म्हणून माझं जुनं टुमणं: प्रत्येक प्रभागात असा एक नेमलेला माणूस हवा, ज्याच्याकडे योजनांची नाही तर घरांची यादी असेल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातून पगार निघू शकतो. नव्या इमारतीचं उद्घाटन करता येतं, माणूस नेमल्याचा फोटो येत नाही, एवढीच अडचण.

मोतीलाल नगराच्या बाबतीत घाईचं आणखी एक कारण आहे. साठच्या दशकातल्या या बैठ्या घरांचा पुनर्विकास दारात आहे. आज आजींचा मुलगा एकटा गल्लीच्या टोकापर्यंत जातो, दूध आणतो. वाणी त्याच्याकडून पैसे मोजून घेतो आणि मोड त्याच्या खिशात घालतो. तो परत यायला उशीर झाला तर समोरच्या वहिनी दारात येऊन बघतात. ही सेवा कुठल्याही विभागाच्या यादीत नाही, आणि भाड्याच्या तात्पुरत्या घरात ती बरोबर जाणार नाही. शेजारच्या पत्रा चाळीतली ६७२ कुटुंबं २००८ मध्ये बाहेर पडली. नव्या घरांच्या किल्ल्या यायला २०२५ उजाडलं. तेव्हा साठीत असलेला माणूस आता कुठे असेल, हिशेब करा. पुनर्वसनाच्या करारात प्रत्येक घराची चौरस फुटं असतात. ज्या घरात असं अपत्य आहे त्याला तात्पुरतं घर जवळपास आणि तळमजल्यावर, शक्यतो ओळखीच्या शेजाऱ्यांसोबत द्यावं, एवढी एक ओळ रहिवाशांच्या संघटनांनी आताच मागून घ्यावी. सह्या झाल्यावर मागून उपयोग नाही.

आजींचं ठरलं ते असं: आधी नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र, मग युडीआयडी, मग पालकत्वाचा अर्ज आणि पेन्शनची नोंद बरोबरीनं. ज्येष्ठ नागरिक संघातल्या दोघांनी सोबत जायचं कबूल केलंय. पिशवीतल्या प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढून एक संच भाचीकडे डोंबिवलीला गेला.

बांगूर नगरच्या एका वाचकांनी १४५६७ वर रात्री फोन लागत नाही असं कळवलंय. ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, त्यापलीकडे तातडीचं असेल तर ११२. न्यायाधिकरण पुढच्या आठवड्यात. ज्यांचे अर्ज तिथे पडून आहेत त्यांनी क्रमांक आणि शेवटची तारीख कळवावी, नावं छापणार नाही.