पायांच्या शिरा वेळीच ओळखा



इथे ब्रिटनमध्ये नर्स म्हणून मी अनेक वर्षे पायांच्या जखमा बांधल्या. त्यांतल्या पुष्कळ जखमांचे मूळ बिघडलेल्या शिरांत होते. 'वय झालं, पाय दुखणारच' म्हणत आपण दुखणे अंगावर काढतो, म्हणून हे चार शब्द.

पायांतले रक्त वर हृदयाकडे जाते. ते मागे फिरू नये म्हणून शिरांत छोट्या झडपा असतात. झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचते आणि शिरा फुगतात.

पाय उभे राहूनच पाहा. आडवे झाल्यावर फुगीर शिरा दिसेनाशा होतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-जांभळ्या रेषा बहुधा निरुपद्रवी असतात. 1 ते 3 मिलिमीटरच्या निळसर शिरा त्वचेला सपाट असतात. त्याहून जाड, वेड्यावाकड्या, हाताला लागणाऱ्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स.

संध्याकाळी पाय जड होणे, घोटा सुजणे, रात्री पेटके येणे ही सुरुवातीची लक्षणे. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट डाग, खाज किंवा कडक झालेली त्वचा आहे का, ते पाहा. जखम होण्याआधीची ही सूचना असते. दोन्ही पाय सुजले तर कारण हृदय, मूत्रपिंड किंवा एखादे औषधही असू शकते.

अशा वेळी जीपींना भेटा. शिरांमुळे दुखत असेल, सूज किंवा त्वचेत बदल असेल, गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर शिरांच्या तज्ज्ञांकडे पाठवावे, असे 2013 पासून इथल्या 'नाइस'च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तसे निःसंकोच विचारा. तपासणी सोनोग्राफीसारखी, सुईशिवाय होते. घट्ट मोजे मात्र स्वतःच्या मनाने घालू नका. आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा लागतो, मधुमेह असल्यास तर नक्कीच.

एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी 111 ला फोन करा. सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर 999. शीर फुटून रक्त आले, तर आडवे व्हा, पाय उंच धरा, 10 मिनिटे घट्ट दाबा; थांबले नाही तर 999.

एकटे राहणाऱ्यांनी, इंग्रजीची अडचण असणाऱ्यांनी सेवा समितीला कळवावे. दवाखान्यात सोबत जाण्यासाठी गाडी असलेले स्वयंसेवक हवे आहेत. आपला एक तासही मोठी सेवा ठरेल.