पाळी लांबते, दिवस राहत नाहीत : उपाय काय?



लग्नाला तीन वर्षे झाली. पाळी दोन-दोन महिने येत नाही, कूस उजवत नाही. मग घरात कुजबूज सुरू होते. सासूबाई जोतिबाला नवस बोलतात, शेजारीण काढा सांगते. जोतिबाचा डोंगर आपल्या पन्हाळा तालुक्यातच आहे, दर्शनाला जरूर जा. पण त्याबरोबर दवाखान्याची पायरीही चढा.

पाळी अशी लांबण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पीसीओएस. दर दहा बायकांत साधारण एकीला हा त्रास असतो. स्त्रीच्या ओटीपोटात दोन बीजकोश असतात. एरवी दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडते. या आजारात संप्रेरकांचा तोल बिघडतो आणि बीजे अर्धवट वाढून तिथेच थांबतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या 'गाठी' म्हणजे याच बारीक पिशव्या. त्या कापून काढायच्या नसतात, तेव्हा घाबरू नका. हनुवटीवर केस, मुरमे, वाढते वजन ही लक्षणे. मात्र शेतात राबणाऱ्या सडपातळ बाईलाही हा आजार होतो. थायरॉईडमुळेही पाळी लांबते, म्हणून रक्त तपासावे लागते.

उपचार कोणता, हे तुम्हाला आत्ता मूल हवे की नको यावर ठरते.

मूल हवे असेल तर आधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करा. ही गोष्ट पुरुषमंडळी टाळतात आणि बायको वर्षभर गोळ्या खाते! दोष कुणाचा हे भांडून कळत नाही, तपासून कळते. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरले तरी पुष्कळ वेळा बीज सुटू लागते. ७० किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो कमी केले तरी फरक पडतो. उपाशी राहू नका. भाकरी, उसळ, पालेभाजी असू द्या. दिवसाचे चार गोड चहा तेवढे कमी करा, रोज अर्धा तास भरभर चाला. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर बीज पिकवणारी लेट्रोझोलची गोळी पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात. वंध्यत्वासाठी ही गोळी देण्यावर आपल्या देशात २०११ साली बंदी आली होती, ती २०१७ साली उठली. गोळी मनाने दुकानातून आणू नका. जुळे राहण्याचाही संभव असतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि टेस्ट ट्यूब बेबी हे त्यापुढचे उपाय. पहिल्याच भेटीत कुणी तिकडे ढकलू लागला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

काहींना मेटफॉर्मिन देतात. "मला साखर नाही, मग साखरेची गोळी का?" असे बायका विचारतात. या आजारात इन्सुलिन नीट लागू पडत नाही, पुढे मधुमेहाचा धोका असतो, म्हणून ती देतात.

आता मूल नको असेल तर? पाळी येत नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, अशा भरवशावर राहू नका. बीज कधी सुटेल याचा नेम नसतो. निरोध किंवा तांबी वापरा. माला-एन गोळीने दोन्ही कामे होतात, पाळीही नियमित येते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते, आशाताईंकडेही मिळते. रक्तदाब, अर्धशिशी किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

तीन महिने पाळी आली नाही तर स्वस्थ बसू नका. आधी लघवी तपासून दिवस गेले नाहीत ना, हे पाहा. गर्भाशयाचे अस्तर साचत राहिले तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. डॉक्टर गोळ्या देऊन पाळी आणतात.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. पुढील तपासणीसाठी कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. येताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून आणा, आणि दोघे मिळून या.