गवताचा कायदा अजून जिवंत आहे

दरवर्षी 15 ऑगस्टला धारणीत झेंडा फडकतो. आश्रमशाळेतली कोरकू पोरे रांगेत उभी राहून घोषणा देतात, खाऊ घेतात आणि परत फिरतात. त्यांना शिकवला जाणारा स्वातंत्र्याचा इतिहास पुण्या-मुंबईत सुरू होतो आणि दिल्लीत संपतो. वाटेत मेळघाट लागतच नाही! आमचा प्रश्न साधा आहे. वसाहतीतला माणूस साम्राज्याविरुद्ध उठतो तो कशामुळे? पुढाऱ्यांच्या भाषणांमुळे, की चुलीतल्या लाकडामुळे?

1803 मध्ये इंग्रज गाविलगडावर लढले खरे. पण वऱ्हाड त्यांच्या हाती आले ते हिशेबाच्या वहीतून. निजामाने इंग्रजी अंमलदारांच्या हाताखालच्या फौजेचा खर्च थकवला, म्हणून 1853 च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने ते सालीना 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. बाजारात बैल विकतानासुद्धा लोक बैलाचे दात पाहतात. इथे अख्खा मुलूख माणसांसकट पट्ट्यावर गेला आणि त्या माणसांना कुणी विचारले नाही.

सपाटीवर गोऱ्या साहेबाला कापूस हवा होता, डोंगरात साग. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रुळांखाली लाकूड लागत होते. 1864 मध्ये वनखाते निघाले, 1865 मध्ये पहिला वन कायदा आला आणि 1878 मध्ये त्याचा फास आवळला गेला. मेळघाटची जंगले राखीव झाली. काल मोहफुले वेचणारी बाई आज नाकेदाराच्या लेखी चोर ठरली. गुरे चारायला पास, लाकडाला पास. या खात्याची जात महात्मा फुल्यांनी तेव्हाच ओळखली होती. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगर आणि गायराने गिळणाऱ्या जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. सभेत ठराव करून राजनिष्ठेच्या शपथा घेणाऱ्यांना मात्र हे दुखणे फार उशिरा कळले.

कोरकू भाषा ही मुंडारी-संथालीच्या कुळातली. तिच्या या दूरच्या बहिणी झारखंडाच्या बाजूला बोलल्या जातात. तिकडे संथालांनी 1855 मध्ये हूल पुकारला आणि 1899-1900 मध्ये बिरसा मुंडा उलगुलान घेऊन उठले. जमीन, जंगल आणि सावकार, हीच त्यांची राज्यशास्त्राची पुस्तके होती. काँग्रेसचा जन्म 1885 चा, म्हणजे हूलनंतर तीस वर्षांनी. मग पहिला स्वातंत्र्यसैनिक कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

1930 साल आमच्या प्रांतासाठी मोठे बोलके आहे. 10 जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मेळघाटला लागून असलेल्या बैतूल भागात गंजनसिंह कोरकू यांच्यामागे आदिवासी उभे राहिले. वकिलाने गवत कापले ते कायदा मोडण्यासाठी. आदिवासीने कापले कारण घरी गुरे उपाशी होती. दोन्ही विळे एकाच गवतावर चालले, म्हणून दोघांची भूक एक होती असे नव्हे.

त्याच वर्षी 8 ऑगस्टला नागपुरात अखिल भारतीय दलित काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी स्वराज्याची बाजू घेतली. नोव्हेंबरमध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांच्या तोंडावर सांगितले, की तुमच्या राज्यात आमची अस्पृश्यता होती तशीच राहिली, जमीनदार रयतेला पिळतो हे ठाऊक असूनही तुमचे सरकार त्याला हात लावत नाही. आम्हाला लोकांचे राज्य हवे आणि त्यात आमच्या हाती सत्ता हवी. बाबासाहेबांना इंग्रजधार्जिणे म्हणणाऱ्यांनी हे भाषण एकदा वाचायला हरकत नाही.

पुढे मार्च 1931 मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. समुद्रकाठच्या गावांना घरापुरते मीठ करण्याची सवलत मिळाली. गवताचे काय? करारात गवत नव्हते. वाटाघाटीच्या टेबलावर कोरकू बसलेला नसला, की असेच होते.

1947 मध्ये साहेब गेला. त्याचा 1927 चा वन कायदा राहिला, तो दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. 1974 मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला. पुढे कोहा, कुंड, बोरी ही गावे जंगलाबाहेर काढली गेली. वाघाशी आमचे वैर नाही. शेकडो वर्षे वाघाशेजारी राहिलेल्या माणसालाच वाघाचा शत्रू ठरवणारी जी नजर आहे, ती मात्र जुन्या साहेबाची आहे.

2006 मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. गावातल्या म्हाताऱ्याचा जबाबही पुरावा मानावा, असे त्याचे नियम म्हणतात. या कायद्याखाली अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाला 2012 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि उजाड झालेले रान गावकऱ्यांनी पुन्हा उभे केले. पण याच कायद्यात एक पाचर आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. मेळघाटातल्या बलई समाजाने तो कागद आणायचा कुठून? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागदाला शिवू दिले नाही, त्यांच्याकडेच कागद मागायचा!

म्हणून आमची मागणी आहे, की धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामसभेच्या दाव्याचे काय झाले, कुणाचा मंजूर झाला, कुणाचा फेटाळला आणि का, याची गावनिहाय यादी येत्या 15 ऑगस्टला झेंड्याशेजारच्या भिंतीवर लावावी. कोरकूत आणि मराठीत, दोन्ही भाषांत.